पाठ पाहून पिशवी घ्यावी!

अंथरूण पाहून पाय पसरावेत, हा धडा आमच्या पिढीने लहानपणी इतक्या वेळा गिरवला की, पुढे जन्मभर पाय आखडूनच झोपण्याची सवय जडली. परंतु पाठ पाहून पिशवी घ्यावी, हे मात्र आम्हाला कोणी शिकवले नाही. ते शिकण्यासाठी मला वयाची त्रेसष्ट वर्षे, साडेतीनशे रुपये आणि नळदुर्गच्या किल्ल्यातील एक दुपार खर्ची घालावी लागली. पैकी साडेतीनशे रुपयांचे दुःख केव्हाच ओसरले आहे. त्या दुपारची आठवण झाली की मात्र अजूनही माझ्या हातांना कंप सुटतो.

पिशवी म्हणजे भाजीची नव्हे, बरे का! पाठीवर घ्यायची, दोन बंदांची. आमच्या तरुणपणी तिला ‘हॅवरसॅक’ म्हणत. हल्लीची मुले नुसते ‘सॅक’ म्हणून मोकळी होतात. हा हॅवरसॅक शब्द मूळचा जर्मन. त्याचा अर्थ ‘ओटची पिशवी’. लष्करातील घोड्यांचा चंदी-दाणा तिच्यात नेत. घोड्याच्या चंदीची पिशवी पुढे शिपायाच्या खांद्यावर आली आणि शिपायाच्या खांद्यावरून आमच्यासारख्या पेन्शनरांच्या पाठीवर! असो.

डॉक्टरांचा सल्ला आणि माझा व्यवहार

तीन वर्षांपूर्वी आमच्या सौ.ना मधुमेह निघाला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि ‘रोज चाला’ म्हणून सांगितले. सिद्धेश्वर तलावाच्या काठाने आमच्या सकाळच्या फेऱ्या सुरू झाल्या. पहिल्या महिन्यात औषध म्हणून चाललो, दुसऱ्या महिन्यात सवय म्हणून चाललो, आणि तिसऱ्या महिन्यात चक्क गोडी लागली. फेरीत भेटणाऱ्या पाच-सात कुटुंबांची ओळख झाली आणि महिन्यातून एखाद्या रविवारी गावाबाहेर हिंडायला जायचे ठरले. आज हिप्परग्याचा तलाव, पुढल्या महिन्यात नन्नजचा माळ, मग कधी नळदुर्ग. सोलापूरच्या माणसाला सह्याद्रीची शिखरे उशाला नाहीत. पण हिंडायचेच म्हटले तर माळरानही काही कमी देत नाही. नन्नजच्या अभयारण्यात माळढोक आता दिसला तर भाग्यच म्हणायचे. काळविटांचे कळप मात्र पाहावे तितके थोडे.

हिंडायचे म्हणजे पाणी, डबा, पंचा, छत्री हे सारे आले. त्यासाठी मी एक सॅक घेतली. कशी घेतली म्हणाल, तर जशी आपण सगळेच घेतो तशी. दुकानाबाहेर टांगलेल्या दहा-बारांतून रंग बरा दिसला ती काढली, कप्पे किती ते मोजले, ‘भरपूर सामान मावेल ना?’ असे विचारले आणि साडेपाचशेची साडेतीनशेला मागून घरी आणली. दोनशे रुपये वाचवल्याच्या आनंदात त्या रात्री मला झोप फार छान लागली.

सौ.नी तिच्यावरून एकदा हात फिरवला. तिचे माहेरचे शिवणकाम चांगले. ती म्हणाली, “अहो, बंद जिथे शिवलाय तिथे टाका फार विरळ आहे. एकदा दुहेरी शीव मारून घ्या.”

“अगं, कंपनीचा माल आहे,” मी म्हणालो. “घरच्या मशीनवर कशाला नेऊन बिघडवायचा?”

वाचकहो, हे वाक्य नीट लक्षात ठेवा. पुढे मला ते पुष्कळदा ऐकावे लागले आहे.

नळदुर्गची दुपार

सोलापुराहून हैदराबादच्या रस्त्याने पंचेचाळीस किलोमीटरांवर, धाराशिव जिल्ह्याच्या तुळजापूर तालुक्यात नळदुर्ग आहे. बोरी नदी अडवून दोन भागांना सांधणारा बंधारा आणि त्या बंधाऱ्याच्या पोटात बांधलेला पाणी महाल हे या किल्ल्याचे नवल. १६१३ साली, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीत ते काम झाले. पावसाळ्यात नदी भरली की बंधाऱ्यावरून ‘नर’ आणि ‘मादी’ असे दोन धबधबे कोसळतात आणि खालच्या महालात बसलेल्या माणसाला समोर पाण्याचा पडदा दिसतो.

गेल्या वर्षीच्या भाद्रपदातली गोष्ट. चार दिवस पाऊस होऊन उघडीप पडली होती. नदी भरल्याची वार्ता आली आणि आम्ही चौदा माणसे नळदुर्गला निघालो. उघडीप म्हणजे ऊन कसे पडते, ते सोलापूरकरांना सांगायला नको.

दोघांचे सगळे सामान माझ्या एकट्याच्या पाठीवर होते. सौ. म्हणाली होती, “मी वेगळी पिशवी घेते.” मी म्हणालो, “तुझी प्रकृती अशी; तू मोकळी चाल.” यात माझे प्रेम होते, हे मी आजही सांगेन. थोडी ऐटही होती, हेही सांगून टाकतो. पाण्याच्या चार बाटल्या, दोन डबे, शाल, छत्र्या, केळी, शिवाय तिची छोटी पर्स. त्या पर्समध्ये तिच्या गोळ्या आणि साखरेची पुडी. डॉक्टरांनी सांगितलेच होते की, ही पुडी सदैव जवळ असू द्या. ती जवळच होती, पण माझ्या!

उपळी बुरूज चढून उतरलो, तटावरून हिंडलो. मंडळी धबधब्यात रमली आणि बाराचा डबा एकपर्यंत लांबला. धबधब्याच्या बाजूला पायऱ्या उतरताना मी सॅक एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेण्यासाठी जरा झटका दिला. ‘टर्र’ असा आवाज झाला. बंद माझ्या हातात राहिला आणि पिशवी दोन पायऱ्यांवर आपटून, कठड्याच्या फटीतून खाली पाण्यात गेली. लाल रंगाची ती पिशवी फेसात एकदा दिसली, पुन्हा एकदा दिसली, आणि मग दिसली नाही.

सगळे हसले. मीही हसलो. “साडेतीनशे रुपये बोरीला अर्पण!” असे काहीतरी म्हणालो देखील. सौ. मात्र हसली नाही. ती पायरीवर बसली होती. मला वाटले, रागावली. जवळ जाऊन पाहतो तो कपाळावर घामाचे थेंब, बोटे थरथरत आहेत आणि मी विचारतो एक, ती उत्तर देते भलतेच. “घरी दार लावलंय का?” असे तिने मला दोनदा विचारले. सकाळी गोळी घेतलेली, न्याहारी जुजबी, चालणे नेहमीहून दुप्पट, आणि जेवण लांबलेले. रक्तातली साखर उतरली होती. साखरेची पुडी बोरी नदीत!

बरोबरच्या मंडळींचे डबे वर झाडाखाली ठेवलेले. एकजण ते आणायला धावला. ती पाच-सात मिनिटे मला किती लांब वाटली, ते मी लिहून सांगू शकणार नाही. शेजारी लातूरकडचे एक कुटुंब उभे होते. त्यांच्या लहान मुलाने काही न विचारता खिशातल्या लिंबाच्या गोळ्या काढून पुढे केल्या. चार गोळ्या तिने चघळल्या. तोवर वरून सरबत आले. पंधरा-वीस मिनिटांनी तिच्या चेहऱ्यावर ओळख परतली. मग पोटभर जेवण झाले. तिचे पहिले शुद्धीतले वाक्य होते, “त्या पोराला काही खाऊ दिलात का?”

परतीच्या वाटेवर मी त्या दुकानदाराला, पिशवी बनवणाऱ्याला आणि एकूण कलियुगाला शिव्या मोजत होतो. सौ. खिडकीबाहेर पाहत म्हणाली, “पिशवी तुटली म्हणून काही झालं नाही हो. सगळं एकाच पिशवीत होतं म्हणून झालं.”

मी गप्प बसलो.

पिशवी उलटी करून पाहावी

दुसऱ्या दिवशी तो तुटका बंद घेऊन मी शहराच्या पूर्व भागात गेलो. तिथे एक वयस्क मास्तर आहेत. आयुष्याची निम्मी वर्षे मागावर गेली, उरलेली शिवणयंत्रावर. शाळेची दप्तरे, कॅनव्हासच्या थैल्या, मोटारसायकलीच्या पिशव्या असे जाड काम ते करतात. घरी तेलुगू, गिऱ्हाइकाशी आमची सोलापुरी मराठी. त्यांनी बंद उलटासुलटा केला आणि विचारले, “कितीला घेतलाव हे?”

मी आकडा सांगितला. मास्तरांनी तो ऐकून न ऐकल्यासारखे केले. मग स्वतःच्या दुकानातली एक तयार सॅक घेऊन ती मोज्यासारखी आतून बाहेर उलटली. “बाहेरची बाजू विकायसाठी असती ओ साहेब. आतली बाजू वापरायसाठी. तुमी आत बघितलावच नाही.”

त्या तासाभरात मास्तरांनी जे दाखवले, ते मी पुढे चार दुकानांत पडताळून पाहिले. त्याचे सार असे :

खांद्याचा बंद पाठीच्या कापडाला जिथे मिळतो, ती सॅकची नाडी. सगळा भार तिथे येतो. चांगल्या सॅकमध्ये बंदाचे टोक दोन कापडांच्या शिवणीत आत घेतलेले असते, मागे जाड कापडाचे ठिगळ असते आणि त्यावर चौकोन करून मधे फुली मारलेली शिवण, किंवा एकाच जागी दाट घातलेले आडवे टाके असतात. माझ्या पिशवीचा बंद नुसत्या वरच्या कापडावर एका शिवणीने चिकटवलेला होता.

टाके इंचाला साधारण आठ ते दहा असावेत. विरळ टाका ओढीला उसवतो. फार दाट टाकाही वाईटच. सुईच्या भोकांनी कापड पोस्टाच्या तिकिटासारखे होते आणि त्याच रेषेवर फाटते. दोरा सुती नको, कारण घामाने आणि ओलीने तो कुजतो. नायलॉनचा किंवा पॉलिएस्टरचा हवा. आतल्या शिवणींच्या कडांना पट्टी लावून बंद केलेल्या असाव्यात. कडा उघड्या असतील तर कापडाचे धागे निघत जातात आणि एक दिवस शिवणीला धरायला कापडच उरत नाही.

चेन ही दुसरी दुखरी जागा. चेनच्या पाठीवर बहुधा आकडा असतो : ५, ८ किंवा १०. मिटलेल्या दातांची रुंदी जवळजवळ तितके मिलिमीटर, असे समजावे. मोठ्या कप्प्याला ८ किंवा १० बरी. छोट्या खिशाला ५ चालते. दुकानात कप्पा ठासून भरावा आणि कोपऱ्यावरून चेन दहा वेळा फिरवावी. जी दुकानात अडते, ती रानात उघडणार नाही. अडली तर मेणबत्ती किंवा कोरडा साबण दातांवरून फिरवावा.

सुताचा नंबर आणि डेनियर

कापडाच्या बाबतीत मात्र माझा सोलापुरी अभिमान जागा झाला. माझे वडील जुन्या मिलमध्ये सूतखात्यात होते. १८७७ साली निघालेली ती मिल केव्हाच बंद पडली. पण तिच्या भोंग्यावर आमचे बालपण गेले आणि सुताचा नंबर आम्ही पाढ्यांबरोबर शिकलो. ज्या गावच्या चादरीला भौगोलिक मानांकन मिळाले, त्या गावच्या माणसाने कापडाला फसावे, ही शरमेची गोष्ट.

सॅकच्या चिठ्ठीवर ‘डेनियर’ असा शब्द असतो. २१०, ४२०, ६००, १०००. सुताच्या नंबराची सवय असलेला माणूस इथे हमखास चकतो. सुती धाग्याची ८४० वारांची एक लड. एका पौंडात अशा जितक्या लडी बसतील, तितका त्याचा नंबर. म्हणजे नंबर मोठा तितके सूत बारीक. डेनियरचे नेमके उलटे. ९,००० मीटर धाग्याचे वजन जितके ग्रॅम, तितके त्याचे डेनियर. म्हणजे आकडा मोठा तितका धागा जाड.

पण जाड तेवढे भले, असेही नाही. एकाच डेनियरचे नायलॉन पॉलिएस्टरपेक्षा घासणीला अधिक टिकते. उलट उन्हाचा मारा पॉलिएस्टर अधिक सोसते. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या वर असतो, तेव्हा सॅक गच्चीवर उन्हात टांगून ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात धरावे. काही कापडांत ठराविक अंतरावर जाड धाग्यांची बारीक चौकट विणलेली असते. अशा कापडाला भोक पडले तरी फाट चौकटीपाशी थांबते. वजनाला हलके आणि चिवट असे ते कापड. दिवसाच्या हिंडण्याला ४२० चे नायलॉन किंवा ६०० चे पॉलिएस्टर पुष्कळ झाले. बूड मात्र दुहेरी हवे, कारण सॅक आपण ठेवतो ती दगडावरच.

जाळीचे बाहेरचे खिसे दिसायला झोकदार. पण नन्नजच्या माळावर बाभळी-बोरींनी आमच्या एका मित्राच्या जाळीचे जे केले, ते पाहिल्यावर मी कापडी खिसेच पसंत केले.

आधी पाठ मोजा

टिकाऊपणा ही अर्धी गोष्ट. उरलेली अर्धी म्हणजे बेतशीरपणा. आपण सदरा बेतून घेतो, चप्पल पायात घालून पाहतो. सॅक मात्र हातात धरून घेतो!

पाठ मोजण्याची रीत सोपी आहे. मान खाली घालावी. मानेच्या मुळाशी एक हाड टपकन वर येते, तो मानेचा सातवा मणका. मग दोन्ही हात कमरेवर, अंगठे मागे येतील असे ठेवावेत. बोटांना कमरेच्या हाडाची वरची कड लागेल. दोन अंगठ्यांना जोडणारी रेघ मनात धरावी. मणक्यापासून त्या रेघेपर्यंत, पाठीच्या वळणावरून, टेपने मोजावे. ही पाठीची लांबी.

आमच्या घरी हा समारंभ रविवारी झाला. सुटीला आलेली आमची धाकटी टेप धरून उभी. मी सौ.पेक्षा चार बोटेच उंच. पण माझी पाठ भरली १९ इंच आणि तिची १६! उंची पायांत असते की पाठीत, ते नुसत्या डोळ्यांना कळत नाही. माझ्या मापाची सॅक तिच्या पाठीवर चढवली की तिचा कमरेचा पट्टा मांड्यांवर येई आणि खांद्यांवर चार बोटे पोकळी राही. शिवाय बहुतेक सॅकचे बंद पुरुषी खांद्यांच्या अंतराने लावलेले; बायकांच्या खांद्यांवरून ते घसरतात किंवा छातीला काचतात. थोड्या आखूड पाठीच्या, जवळ लावलेल्या आणि किंचित वळणदार बंदांच्या सॅकही मिळतात, हे मला तेव्हा कळले. इतकी वर्षे ‘तुला ओझे झेपत नाही’ असे मी म्हणत होतो. ओझे झेपत होते. पिशवी तिची नव्हती.

नंतर आम्ही नव्या पेठेत गेलो, ते दोन लिटर पाणी आणि दोन किलो ज्वारी बरोबर घेऊन. दुकानातला मुलगा म्हणाला, “काका, ज्वारी कशाला?” मी म्हणालो, “बाळा, रिकामी सॅक कोणाच्याही पाठीला बसते.” चार किलो भरून, एकेक सॅक चढवून, सौ. दुकानापुढच्या फुटपाथवर पंधरा-पंधरा मिनिटे फिरली. शेजारचे दुकानदार बाहेर येऊन पाहू लागले. आमच्या लग्नातही तिच्याकडे इतक्या लोकांनी पाहिले नव्हते!

चढवण्याचाही क्रम आहे. आधी सगळे पट्टे सैल करावेत. मग कमरेचा पट्टा हाडाच्या वरच्या कडेवर बसवून आवळावा. त्यानंतर खांद्याचे बंद ओढावेत, ते खांद्याला सलग चिकटले पाहिजेत. शेवटी छातीवरचा आडवा पट्टा, गळ्याच्या हाडाखाली दोन-तीन बोटांवर, श्वास मोकळा राहील इतपतच. छोट्या सॅकचा कमरेचा पट्टा बारीक असतो. तो भार उचलत नाही, पिशवी डुलू देत नाही इतकेच. पण मोठ्या ओझ्याला जाड, भरीव पट्टा हवा, कारण खांद्यापेक्षा कंबर बळकट. १९५२ साली अमेरिकेत डिक केल्टी या गृहस्थाने कमरेचा पट्टा लावलेल्या सॅक विकायला सुरुवात केली, तेव्हा गिर्यारोहकांना मोठा शोध लागल्यासारखे वाटले. आमच्या खेड्यांतल्या बायकांनी डोक्यावर चुंबळ ठेवून, ओझे सरळ कण्यावर घेण्याची युक्ती त्याच्या कितीतरी आधी काढली होती!

आकाराचे म्हणाल, तर दिवसाच्या सहलीला २० ते २५ लिटरची सॅक पुरे. लिटर हे मावण्याचे माप आहे, पेलण्याचे नव्हे. मोठी पिशवी रिकामी राहत नाही. घरातल्या मोठ्या कपाटासारखी ती आपोआप भरते. नळदुर्गला नेले होते तितकेच सामान मी नंतर किराण्याच्या काट्यावर तोलून पाहिले. नऊ किलो भरले! त्यात चार किलो नुसते पाणी. आता प्रत्येकाचे पाणी प्रत्येकाच्या पाठीवर. जड जिन्नस मध्यावर आणि पाठीला चिकटून, शाल-पंचा तळाशी, लागणारे वर. बाहेर लोंबते काही नाही. आणि औषध, साखर, पैसे सॅकमध्ये नव्हे, अंगावरच्या खिशात. मधुमेही माणसाने तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज खिशात बाळगावे, सोबत्यानेही आपल्या खिशात तितकेच ठेवावे; घाम, थरथर, असंबद्ध बोलणे दिसताच ते द्यावे, पंधरा मिनिटे थांबावे, उतार नसेल तर पुन्हा द्यावे. माणूस बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काही न घालता दवाखाना गाठावा.

जाता जाता नातवंडांविषयी. २०२० सालच्या केंद्र सरकारच्या धोरणाप्रमाणे दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जड नसावे. आमचा नातू अठ्ठावीस किलोंचा, म्हणजे दप्तर पावणेतीन किलोंचे. काट्यावर ते साडेचार भरले. उपसून पाहिले, तर त्यात गेल्या वर्षीची दोन पुस्तके, सहा गोट्या आणि एक वीट निघाली. वीट कशासाठी, हे अद्याप कळलेले नाही.

भंडीशेगाव ते वाखरी

दोन सॅक आल्या, एकूण किंमत पहिल्या पिशवीच्या बारापट. आकडा ऐकून मला थोडे चढले, पण सौ.नी नुसते “बोरी नदी” असे दोन शब्द उच्चारले आणि मी पाकीट काढले. तिचीही काळजी घ्यावी लागते. सहलीहून आले की खरकटे झटकून काढणे, नाहीतर मुंग्या येतात आणि उंदीर कुरतडतात. धुणे हातानेच, साध्या साबणाने, वाळवणे सावलीत. आणि महिन्यातून एकदा उलटी करून शिवणी पाहणे. ते काम आता सौ.कडे नाही, माझ्याकडे आहे.

यंदाच्या आषाढात सौ. म्हणाली, “पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात, आणि आजवर एक दिवससुद्धा वारीत चाललो नाही.” माउलींच्या पालखीबरोबर भंडीशेगाव ते वाखरी इतका एका दिवसाचा टप्पा चालायचे ठरले. मी सवयीने म्हणालो, “तुझी सॅक दे, मी घेतो.” तिने नुसते पाहिले. मी हात मागे घेतला.

बाजीरावाच्या विहिरीजवळ रिंगण पाहून आम्ही पुन्हा चालू लागलो, तेव्हा शेजारून एक म्हातारी वारकरीण चालली होती. दिंड्यांचे सामान आता ट्रकने जाते, कित्येकांच्या पाठीवर आमच्यासारख्याच सॅक दिसतात. पण तिच्या खांद्यावर जुनी पडशी होती. दोन तोंडांची कापडी पिशवी, एक कप्पा पुढे, एक मागे. पुढचा भार मागच्याला तोलतो. खांदा फक्त मधे टेकू देतो. त्यात ना चेन, ना पट्टा, ना डेनियर. म्हातारीने सौ.च्या सॅककडे पाहून विचारले, “नवी हाय व्हय बाय? जड न्हाई ना?”

“नाही हो आजी,” सौ. म्हणाली. “माझ्या मापाची आहे.”

वाखरी येईपर्यंत ती माझ्यापुढे दहा पावले होती. मी तिच्या पाठीकडे पाहत चाललो होतो. सॅक डुलत नव्हती, बंद घसरत नव्हते. तीन वर्षे मी जिला जपत होतो, ती आपले पाणी, आपला डबा आणि आपली शाल घेऊन, टाळांच्या ठेक्यावर पाऊल टाकत निघाली होती.

आता आमच्या घरी बाहेर पडण्यापूर्वी एक नवा रिवाज झाला आहे. दाराला कुलूप लावले की सौ. माझ्यापुढे हात करते, आणि मी मुकाट्याने सदऱ्याच्या खिशातून साखरेची पुडी काढून दाखवतो. ती आपल्या खिशातली दाखवते. मग आम्ही निघतो.